गेंडा आणि गांधीलमाशी

"बाकी सगळं झकास आहे, पण तुझं हेलिकॉप्टर मिक्सरसारखं वाजतंय," डेंटिस्टने फोनवर सांगितलं, तेव्हा ड्राफ्ट्समनने ते साफ नाकारलं. पंचाईत एवढीच होती, की तो मिक्सरच होता.

ड्राफ्ट्समन दिवसभर ऑफिसात लिफ्टची ड्रॉइंगं काढायचा. लिफ्ट सरळ वर जाते आणि सरळ खाली येते, यापलीकडे तिच्याकडून काही होत नाही. म्हणून असेल, पण घरी आल्यावर त्याला वाटेल तसं उडणारं काहीतरी हवं असायचं. तो आणि त्याचा मित्र डेंटिस्ट लढाईचा एक व्हिडिओ गेम खेळायचे, आणि खेळता खेळता त्या गेमसाठी मॉड बनवायला लागले होते. मॉड म्हणजे मूळ गेममध्ये हौशी लोकांनी पदरचा वेळ घालून केलेली भर. त्यातून मिळकत शून्य, शिव्या मात्र जगभरातून येतात.

त्यांच्या मॉडमध्ये एकाच लढाऊ हेलिकॉप्टरला जागा होती आणि दोघांनी एकेक बनवून ठेवलं होतं. डेंटिस्टची 'गांधीलमाशी' सडपातळ, चपळ, डंख मारून पसार होणारी. ड्राफ्ट्समनचा 'गेंडा' जाडजूड, संथ, आणि वाटेल तेवढ्या गोळ्या खाऊन ढेकर न देणारा. रविवारी सकाळी ग्रुपमधले खेळाडू दोन्ही उडवून बघणार, तुलना करणार आणि मत देणार होते. जिंकेल ते मॉडमध्ये, हरेल ते अडगळीत. ड्राफ्ट्समनने गेंड्याच्या पंख्यांवर, काचांवर आणि बंदुकांवर महिनेच्या महिने घातले होते. आवाजावर जेमतेम अर्धा तास घातला होता, तोही स्वयंपाकघरात.

"माझ्या गांधीलमाशीचा आवाज ऐकलास ना?" डेंटिस्ट म्हणाला.

"ऐकला. दाताचं ड्रिल आहे ते."

"आहेच. पण ऐकलं की माणूस आपोआप लपायला जागा शोधतो. शस्त्राचा आवाज असाच पाहिजे. आ करा. अजून मोठा. तुला नाही रे, पेशंट आहे. उद्यापर्यंत काहीतरी कर, नाहीतर तुझा गेंडा गेला."

शनिवार होता. हातात एक दिवस होता. ड्राफ्ट्समनने वॉशिंग मशीनमध्ये जुना बूट टाकून ते फिरवलं. मशीन चालत चालत बाथरूमच्या दारापर्यंत आलं आणि तिथे अडकलं, पण आवाज काही हेलिकॉप्टरचा आला नाही. मग त्याने टेबलफॅनच्या पात्यांवर पुठ्ठा धरला. पुठ्ठ्याचे तुकडे उडाले आणि त्यातला एक सासऱ्यांच्या चहात पडला.

सासू-सासरे सध्या राहायला आले होते, कारण त्यांच्या घराला रंग लावायचं काम चाललं होतं. सासरे पाणीपुरवठ्याच्या पंपहाउसमध्ये फोरमन होते. निवृत्त झाले ते फक्त पंपहाउसमधून. फोरमन ते अजून होतेच. फ्रीजजवळून जाताना दोन सेकंद थांबून ते त्याचं उरलेलं आयुष्य सांगत, आणि ते बहुधा खरं निघे. कौतुक करायची त्यांना सवय नव्हती. चांगल्यातलं चांगलं काम झालं तर ते 'चालेल' म्हणत. त्या एका शब्दासाठी पंपहाउसमधली माणसं जिवाचं रान करत असत म्हणे. लग्न होऊन आठ वर्षं झाली, जावयाला ते 'चालेल' एकदाही मिळालं नव्हतं. ते त्याला 'जावईबापू' म्हणत, 'तुम्ही' म्हणत. बाहेरच्याला तो मान वाटे. ड्राफ्ट्समनला मात्र ते ऐकताना आपण अजून दाराबाहेरच उभे आहोत असं वाटे, आणि त्याचं त्याला मनापासून वाईट वाटे.

फोरमननी चहातला पुठ्ठा चमच्याने बाहेर काढला. "काय चाललंय, जावईबापू?"

"हेलिकॉप्टरचा आवाज शोधतोय, बाबा."

"सापडला का?"

"अजून नाही."

"घरात शोधताय म्हणून विचारलं," ते म्हणाले आणि पुढचा घोट घेतला.

जेवणं झाली. फोरमन वर्तमानपत्र घेऊन हॉलमधल्या सोफ्यावर आडवे झाले. वर्तमानपत्र पहिल्या पानावरून छातीवर आलं आणि घरात रोजचा तो आवाज सुरू झाला.

फोरमन घोरतात, ही गोष्ट सोडून जगातल्या सगळ्या यंत्रांबद्दल फोरमनना माहिती होती. सासूबाई लग्नापासून सांगून थकल्या होत्या. मुलगी गेले दोन आठवडे सांगत होती, की बाबा, झोपेत तुमचा श्वास मध्येच अडकतो, डॉक्टरांना दाखवू या. त्यावर त्यांचं एकच उत्तर होतं: जे मशीन वाजतच नाही, ते दुरुस्तीला कशाला न्यायचं?

ड्राफ्ट्समन लॅपटॉपसमोर डोकं धरून बसला होता. समोर गेंडा हवेत तरंगत होता. त्याने वैतागून मिक्सरचा आवाज बंद केला, आणि तो ताठ झाला. पडद्यावर पंखे फिरत होते आणि सोफ्यावरून खोल, भरदार, घुमणारा घरघराट येत होता. दोघांचं इतकं जमत होतं की गेंडाच सोफ्यावर येऊन झोपलाय असं वाटावं. आवाज चढायचा, एका जागी थरथरायचा, मग एकदम तुटायचा, आणि पुन्हा दणक्यात सुरू व्हायचा. हेलिकॉप्टर वळण घेताना अगदी असंच होतं.

त्याने मोबाईल काढला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि चोरपावलांनी जाऊन तो वर्तमानपत्राखाली सरकवला. सरळ झाला तर समोर सासूबाई उभ्या.

"काय करताय?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

ड्राफ्ट्समनला खोटं बोलायलाही काही सुचेना. त्याने कुजबुजत खरं ते सांगून टाकलं.

सासूबाईंनी ऐकून घेतलं. मग त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला, की ड्राफ्ट्समनला अजूनच भीती वाटली.

"इतकी वर्षं झाली," त्याही कुजबुजल्या, "मला हे कधी सुचलंच नाही. जरा वर सरकवा. नाकाजवळ."

"जाग येईल त्यांना."

"घराशेजारी फटाक्यांचं दुकान पेटलं होतं तेव्हा नाही आली."

त्यांनी स्वतःच मोबाईल वर सरकवला. वर्तमानपत्र खसखसलं. फोरमन डोळे न उघडता स्पष्ट आवाजात म्हणाले, "झोपलो नाहीये मी. नुसता पडलोय." आणि पुढच्याच श्वासाला पुन्हा घोरायला लागले. सासूबाईंनी जावयाकडे बघितलं. "रोज हेच," त्या पुटपुटल्या, आणि सवयीने नवऱ्याच्या खांद्याला हात लावून मोठ्याने म्हणाल्या, "अहो, कुशीवर वळा बघू." फोरमन वळले नाहीत.

रेकॉर्डिंगमधला सुरुवातीचा छोटा तुकडा कापून ड्राफ्ट्समनने डेंटिस्टला पाठवला. लगेच फोन आला.

"अरे, हे काय आहे? माझ्या अंगावर काटा आला. कुठून मिळवलंस?"

"घरचंच आहे."

"पण तुकडा लहान आहे, तेच तेच परत वाजतं. अख्खं रेकॉर्डिंग पाठव, मी बसवतो."

ड्राफ्ट्समनने अख्खं पाठवलं आणि खाली लिहिलं, 'शेवटी बोलणं आहे, तेवढं कापून टाक.' डेंटिस्टने रेकॉर्डिंग घेतलं, गेंड्याला बसवलं, सुरुवातीचं थोडं ऐकलं, आणि तेवढ्यात अक्कलदाढेचा पेशंट आला. खालचा निरोप वाचायचा राहून गेला.

रविवारी सकाळी डेंटिस्ट लॅपटॉप घेऊन घरीच आला. दोन्ही हेलिकॉप्टरं शेजारी शेजारी बघायची तर मोठा पडदा हवा, म्हणून हॉलमधला टीव्ही जोडला, आणि टीव्हीचे स्पीकरही. फोरमन आपल्या खुर्चीत बसून फुकटचा तमाशा बघत होते. आवाजाची पाळी शेवटी होती, म्हणून तो सध्या बंद होता. तिकडे ग्रुपमधले खेळाडू आपापल्या घरून उडत होते आणि मतं येत होती. वेगात गांधीलमाशी पुढे. चिलखतात गेंडा पुढे. वळण्यात गांधीलमाशी, माऱ्यात गेंडा. मतदान संपलं तेव्हा दोघांना अगदी सारखी मतं पडली होती.

"आता?" ड्राफ्ट्समन म्हणाला.

"आता आवाजावर ठरवायचं," डेंटिस्ट म्हणाला. "पण ठरवणार कोण? तू तुझ्या बाजूने, मी माझ्या."

ड्राफ्ट्समनची बायको चहाचे कप गोळा करत होती. सोफ्यावरच्या रेकॉर्डिंगचा तिला पत्ता नव्हता. ती सहज म्हणाली, "बाबांना विचारा ना. मशीनच्या आवाजातलं त्यांच्याइतकं कुणाला कळतं?"

"वा! काका, तुम्हीच पंच," डेंटिस्ट म्हणाला.

ड्राफ्ट्समन घाईघाईने म्हणाला, "बाबांना कशाला त्रास?"

"त्रास कसला? लावा," म्हणत फोरमन खुर्ची पुढे ओढून बसले आणि त्यांनी डोळे मिटले. स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

आधी गांधीलमाशी लावली. फोरमननी चेहरा वाकडा केला आणि गालावर हात ठेवला. "हे काय, दाढ कोरताहेत का? बंद करा. माझी दुखायला लागली."

डेंटिस्टचा चेहरा उतरला. मग गेंडा सुरू झाला.

स्पीकरमधून तो घरघराट निघाला आणि कपाटाच्या काचा हलल्या. फोरमननी डोळे उघडले. पुन्हा मिटले. मान हळूहळू डोलायला लागली. ड्राफ्ट्समन त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होता, आणि त्या चेहऱ्यावर आठ वर्षांत कधी न दिसलेलं काहीतरी उमटत होतं.

"हे बघा," फोरमन म्हणाले, "याला म्हणतात मशीन. वजन बघा आवाजाला. उगाच किंचाळत नाही. जावईबापू, हा आवाज तुम्ही शोधलात?"

"हो, बाबा."

"चालेल," फोरमन म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "नाही, चालेल नाही. उत्तम आहे."

ड्राफ्ट्समनला भरून आलं.  जे आठ वर्षं हवं होतं ते मिळालं होतं, आणि ते ज्याच्या आवाजाबद्दल मिळालं होतं तो समोरच बसला होता. खरं सांगावं तर 'उत्तम' परत जाणार. न सांगावं तर दारात उभ्या असलेल्या सासूबाईंच्या डोळ्याला डोळा देता येत नव्हता. त्याने विचार केला, की आज एक दिवस तरी हे आपल्याकडे राहू दे, उद्याचं उद्या बघू. लॅपटॉप बंद करायला तो पुढे झाला.

"थांबा, थांबा," फोरमननी हात वर केला. "पूर्ण ऐकू द्या. यात एक दोष आहे."

"दोष?" सासूबाई दारातून म्हणाल्या. "कसला हो?"

"आता बघ, चढतोय, चढतोय, आणि हे तुटलं. ऐकलंस? हवेची वाट कुठेतरी दबतेय. आतल्या आत गुदमरतंय ते. दिसायला मोठं, पण सगळा ताण इंजिनावर येतो."

"मग काय करायचं?"

"दाखवायचं. माहीतगार माणसाकडे न्यायचं. असं मशीन तसंच चालू ठेवतो तो मूर्ख."

"उद्याच न्यावं का?"

"मी असतो तर आजच नेलं असतं," फोरमन म्हणाले.

ड्राफ्ट्समन डेंटिस्टच्या कानाशी लागला. "शेवट कापलास ना?"

"कसला शेवट?"

"निरोप पाठवला होता."

डेंटिस्टने खिशातून मोबाईल काढला, वाचला, आणि दात काढायचे सोडून बाकी काही येत नसलेल्या माणसासारखा त्याच्याकडे बघत राहिला. स्पीकरमध्ये काहीतरी खसखसलं.

"झोपलो नाहीये मी," गेंडा मोठ्या, स्पष्ट आवाजात म्हणाला. "नुसता पडलोय."

आणि पुन्हा घरघराट सुरू झाला.

 कपांचा ट्रे हातात धरून बायको जागच्या जागी उभी राहिली. तिला एका क्षणात सगळं कळलं. ज्याला कळायला हवं होतं त्याला मात्र कळलं नाही. स्वतःचा आवाज स्पीकरमधून ऐकायची फोरमनना सवय नव्हती.

"हा कोण?" त्यांनी विचारलं.

 शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "पायलट असेल."

"खोटं बोलतोय," फोरमन ठामपणे म्हणाले. "झोपलाय तो. चक्क घोरतोय. कळतंय की आवाजावरून."

बायकोने ट्रे खाली ठेवला आणि पदर नसल्यामुळे सोफ्याची उशी तोंडात धरली. डेंटिस्ट खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. ड्राफ्ट्समनचा हात लॅपटॉपच्या दिशेने निघाला होता, तो पोहोचण्याआधीच स्पीकरमधून दुसरा आवाज आला.

"अहो, कुशीवर वळा बघू."

स्वतःचा आवाज माणूस ओळखत नाही, पण हा आवाज फोरमन चाळीस वर्षं रोज ऐकत होते. त्यांनी दाराकडे बघितलं. सासूबाईंनी छताकडे बघितलं. मग फोरमननी टीव्हीकडे, तिथे मजेत तरंगणाऱ्या गेंड्याकडे, आणि सगळ्यात शेवटी जावयाकडे बघितलं. ड्राफ्ट्समनने लॅपटॉप बंद केला. फोरमन उठले आणि गॅलरीत गेले.

"जा," बायको उशी बाजूला करून म्हणाली. "जा ना त्यांच्याकडे."

ड्राफ्ट्समन गेला. फोरमन कठड्यावर हात ठेवून रस्त्याकडे बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते.

"बाबा, चुकलं माझं. विचारायला हवं होतं. मी तो आवाज काढून टाकतो."

 खाली एक टेम्पो खडखडत गेला, त्याच्याकडेही फोरमननी लक्ष दिलं नाही, म्हणजे मामला गंभीर होता.

"रोज असाच वाजतो?" त्यांनी विचारलं.

"हो, बाबा."

"मध्येच तुटतो, तेही रोज?"

"रोज. ती घाबरते. आई पण. आई बोलत नाहीत, पण उठून बघत बसतात."

 ड्राफ्ट्समनने मनातल्या मनात 'उत्तम' परत देऊन टाकलं होतं. माणूस दुखावला असेल तर 'उत्तम' घेऊन करायचं काय?

"माईक कुठे ठेवला होतास?" फोरमननी अचानक विचारलं.

"अं? वर्तमानपत्राखाली."

"म्हणून खरखर येते. उशीखाली ठेवायचास. पुढच्या वेळी लक्षात ठेव." ते वळले. "आणि काढून टाकायचं नाही. मशीन उत्तम आहे म्हणालो, तर उत्तम आहे. मी दिलेला शेरा बदलत नसतो. दुरुस्तीला न्यायचं म्हणालो, तेही बदलत नाही. तिला सांग, डॉक्टरला फोन लाव म्हणावं."

एवढं बोलून ते आत गेले. ड्राफ्ट्समन गॅलरीतच उभा राहिला. सासऱ्यांनी आपल्याला 'तू' म्हटलं, हे त्याच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं आणि तो एकटाच मूर्खासारखा हसत सुटला.

पंचांच्या निकालाने गेंडा जिंकला. बोलणं कापायचं कुणी मनावर घेतलं नाही, आणि दूरदूरच्या देशांतले खेळाडू ऐन लढाईत 'झोपलो नाहीये मी' हे शब्द गुप्त संकेत समजून एकमेकांना ऐकवायला लागले. त्यांचा अर्थ काय, असं कुणी विचारलं की डेंटिस्ट सांगायचा, "लष्करी गुपित आहे." डॉक्टरांनी तपासण्या करून फोरमनना झोपताना नाकावर लावायचं एक छोटं यंत्र दिलं. ते हवेचा पंप निघालं. फोरमननी ते घरी आणल्या आणल्या कान लावून ऐकलं, नळी तपासली आणि म्हणाले, "चालेल." त्या दिवसापासून ते लहान मुलासारखे शांत झोपायला लागले.

रंगवाल्यांचं काम रंगवाल्यांच्या गतीने चाललं होतं, त्यामुळे सासू-सासरे अजून घरीच होते. एका दुपारी सगळीकडे सामसूम असताना सासूबाई ड्राफ्ट्समनच्या टेबलाशी येऊन घुटमळल्या. डोळे तारवटले होते.

"बरं नाही का, आई?"

"मला काय धाड भरलीय? झोप येत नाही हो. इतकं शांत असतं की मी आपली जागी. ह्यांचा श्वास चाललाय ना, म्हणून चार वेळा उठून बघते." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "तो गेंडा माझ्या मोबाईलवर टाकता येईल का? त्यांना सांगू नका."

ड्राफ्ट्समनने अख्खं रेकॉर्डिंग टाकून दिलं.

थोड्या वेळाने हॉलमधल्या सोफ्यावर फोरमनची झोप मोडली. घरात कुणीतरी दणदणीत घोरत होतं. त्यांनी नाकावरचं यंत्र काढलं, आवाजाचा माग काढत ते आतल्या खोलीत गेले आणि दाराशी थांबले. सासूबाई पलंगावर गाढ झोपल्या होत्या. बाजूला मोबाईल होता आणि त्यातून फोरमन स्वतः घोरत होते.

"अगं," त्यांनी हळूच विचारलं, "झोपलीस का?"

"झोपले नाहीये," सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या. "नुसती पडलेय."

फोरमन पलंगाजवळ गेले. मग त्यांनी मोबाईल उचलला आणि अलगद उशीखाली सरकवला. तिथून खरखर येत नाही.